शाकारलेली घरे : पिनरची आणि कोकणातली

लंडनच्या वायव्येस मेट्रोपॉलिटन रेल्वेवर पिनर हे आमचे गाव आहे. गाव म्हणायचे ते सवयीने. आज ते हॅरोमधले एक उपनगर आहे. तरीही गावपणाच्या जुन्या खुणा येथे पुष्कळ राहिल्या आहेत. हाय स्ट्रीटच्या माथ्यावर चकमकीच्या दगडांनी बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे चर्च आहे, त्याचा अर्पणविधी १३२१ साली झाला. तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३६ मध्ये दिलेल्या सनदेची जत्रा अजूनही दर वर्षी मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी ह्याच रस्त्यावर भरते. चर्चखालच्या उतारावर लाकडी सांगाड्याची जुनी घरे उभी आहेत. ‘क्वीन्स हेड’ नावाची खाणावळ सोळाव्या शतकातली आहे. मॉस लेनवरचे ‘ईस्ट एंड फार्म कॉटेज’ त्याहूनही जुने, म्हणजे पंधराव्या शतकातले आहे.

हिंदुस्थानात शाळेत असताना आपण बिस्किटांच्या डब्यांवर आणि कॅलेंडरांवर जे इंग्लंड पाहिले, त्यात एक गवती छपराचे बैठे घर हमखास असे. भिंती पांढऱ्या, मधून मधून काळे वासे, दारावर गुलाबाचा वेल आणि वर जाड मऊ टोपीसारखे छप्पर. पिनरच्या हाय स्ट्रीटवर मात्र त्यातले सारे आहे, एक छप्पर तेवढे नाही. सगळी घरे कौलारू. गवताचे छप्पर इंग्लंडात होते कसे, ते येथून गेले का आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, हे आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

प्रथम छपराखालचे घर पाहू. मध्ययुगातील इंग्लिश घराचा मुख्य भाग म्हणजे ‘हॉल’. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपण हॉल, किचन, बेडरूम म्हणतो, त्यातला हॉल शब्द ह्याच घरातून आला. हा हॉल म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडी असलेली एकच खोली. वर माळा नाही, धुराडे नाही. मधोमध जमिनीवर आगटी पेटलेली असे. स्वयंपाक तेथेच, ऊब तेथेच आणि रात्री घरातली बरीच माणसे निजत तीही तेथेच. धूर वर चढे आणि छपरातून वाट काढून बाहेर जाई. खिडक्यांना काचा नसत. लाकडी गज आणि आतून झडपा असत. इंग्रजी ‘विंडो’ शब्दाचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे. आपल्याकडे गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा! दोन्हीकडच्या लोकांना भिंतीतले भोक पाहून डोळाच आठवला.

अशा हॉलचा उत्तम नमुना पिनरच्या शेजारी हेडस्टोन मॅनर येथे पाहावयास मिळतो. त्याचे लाकूड १३१० च्या सुमारास तोडलेले आहे. तुळयांतील वार्षिक वर्तुळे मोजून हे साल काढण्यात आले. सभोवती पाण्याने भरलेला खंदक आजही आहे. १३४४ मध्ये जॉन स्ट्रॅटफर्ड ह्या आर्चबिशपने ही जागा घेतली आणि १५४६ पर्यंत ती कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे राहिली. त्या वर्षी ती आठव्या हेन्रीकडे गेली. मूळ हॉलचा आता एकच खण शिल्लक आहे, पण तेवढ्यावरूनही उंचीची कल्पना येते. आवारातले मोठे कोठार १५०६ सालचे आहे. मोठी दुरुस्ती होऊन २०१७ मध्ये हे सारे हॅरोचे संग्रहालय म्हणून पुन्हा उघडले.

ह्या घरांची बांधणी आपल्या वाडवडिलांना सहज उमगली असती. ओकचे लाकूड ओले असतानाच कापायचे, कारण वाळल्यावर त्यात पटाशी चालत नाही. सुताराने आपल्या आवारात सांगाडा जमिनीवर आडवा जोडायचा, प्रत्येक सांध्यावर खुणेचा आकडा कोरायचा, मग सुटा करून गाडीवर घालून जागेवर उभा करायचा. खिळे नाहीत, कुसू आणि भोक जुळवून लाकडी खुंट्या ठोकायच्या. सांगाड्यातील चौकटी भरण्यासाठी ओकच्या फाकांमध्ये हेझलच्या लवचिक काठ्या विणायच्या आणि त्यावर लेप द्यायचा. लेप कशाचा? चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि गाईचे शेण! म्हणजे आपला कूडच. आपल्याकडे कारवीच्या काठ्या, त्यांच्याकडे हेझलच्या, एवढाच फरक. वरून चुन्याचा हात. चित्रातला तो काळा-पांढरा थाट मात्र बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या हौसेचा आहे. मूळचे ओक रंगवीत नसत. ते उन्हापावसाने रुपेरी करडे होई किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुना फिरे.

आता छप्पर. ‘थॅच’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ नुसते ‘आच्छादन’ असा आहे. एके काळी बहुतेक घरांचे आच्छादन गवताचेच असल्यामुळे निराळा शब्द लागला नाही. मराठीत आपल्याला मात्र नेमके क्रियापद आहे : घर शाकारणे.

माझ्या नातवाने एकदा विचारले, “आजी, गवतातून पाणी गळत नाही का?” प्रश्न बरोबर आहे. उत्तर उतारात आहे. इंग्लिश छपराचा उतार साधारण पन्नास अंशांचा असतो. पेंढ्या एकीवर एक अशा रचतात की प्रत्येक काडीचे टोक खाली आणि बाहेर राहते. पावसाचा थेंब एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीपर्यंत जातो. छप्पर फूटभर किंवा अधिक जाड असले, तरी भिजतो तो वरचा इंच दीड इंच. पन्हळ नसते, वळचण भिंतीच्या बरीच बाहेर काढतात, म्हणजे पाणी मातीच्या भिंतीपासून दूर पडते. पेंढ्या घट्ट बसवण्यासाठी हेझलच्या चिरलेल्या काड्या पिळून, केसातल्या आकड्यासारख्या वाकवून आत खोचतात. आढ्यावर दोन्ही पाखी मिळतात, तेथे झीज जास्त होते, म्हणून आढे दर दहा-पंधरा वर्षांनी नवे करावे लागते.

साहित्य मुख्यतः दोन प्रकारचे. गव्हाचा लांब पेंढा आणि पाणथळ जागेतला वेत, जो नॉरफोकचा प्रसिद्ध आहे. गव्हाचे छप्पर साधारण वीस वर्षे टिकते, वेताचे चाळीस किंवा त्याहून अधिक. आपल्या कोकणात भाताचा पेंढा, डोंगरी गवत किंवा माडाच्या झावळ्या. आणि शाकारणी मात्र दर वर्षी, मृगापूर्वी. ह्याचे कारण आपल्या लोकांचा आळस किंवा अडाणीपणा नव्हे. अलिबागेस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर लंडनच्या ह्या भागात वर्षभर मिळून सहाशे-सातशे. शिवाय आपल्याकडची दमट उष्णता आणि वाळवी! एवढ्या माऱ्यात वीस वर्षे टिकणारे गवती छप्पर कोणालाच जमले नसते.

चुलीच्या धुराची गोष्ट तर दोन्हीकडे एकच आहे. डेव्हन परगण्यात काही घरांच्या छपरांचा सर्वांत आतला थर मध्ययुगातला, काजळीने काळाकुट्ट झालेला असा अजून जागेवर आहे. वरचे थर शेकडो वर्षे बदलत गेले, पण आतला कोणी काढला नाही. धुराने कीड लागली नाही आणि पेंढा शाबूत राहिला. त्यात त्या काळच्या गव्हाची कणसे आणि शेतातले तण सापडते, त्यावरून सहाशे वर्षांपूर्वी शेतकरी काय पेरीत होता हे कळते. माझ्या आजोळच्या घरीही चुलीवरचे वासे असेच काळे तुकतुकीत होते, आणि त्यांना वाळवी लागत नाही असे आजी सांगे.

सोळाव्या शतकात इंग्लंडात विटांची धुराडी आली आणि घर बदलले. धूर कोंडला गेल्यावर हॉलमध्ये मध्येच तुळया टाकून माळा करता आला. निजण्याच्या खोल्या वर गेल्या. हे सारे टप्पे एकाच घरात पाहायचे असतील तर स्ट्रॅटफर्डजवळ शॉटरी येथील ‘ॲन हॅथवेज कॉटेज’ पाहावे. शेक्सपिअरची पत्नी तेथली. घराचा सर्वांत जुना भाग १४६३ चा आहे. त्यात ओकचे वाकडे खोड उभे चिरून, दोन फाका समोरासमोर टेकवून केलेल्या कमानी आहेत. भिंतीवर भार न टाकता छप्पर त्याच पेलतात. धुराडी मागाहून घातली. १८९२ मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतले. १९६९ साली आग लागून छपराचे बरेच नुकसान झाले, पण ते पुन्हा शाकारण्यात आले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्याला आज ‘कॉटेज’ म्हणतात, पण ते मुळात बारा खोल्यांचे, नव्वद एकरांच्या शेतीचे खाऊनपिऊन सुखी घर होते. खरे कॉटेज म्हणजे शेतमजुराची झोपडी. एलिझाबेथ राणीच्या १५८९ च्या कायद्याने प्रत्येक नव्या कॉटेजला चार एकर जमीन असलीच पाहिजे असे ठरवले. हेतू असा की भूमिहीन गरिबांनी झोपड्या उभारून गावावर भार टाकू नये. हा कायदा १७७५ पर्यंत पुस्तकात होता. त्यातूनही लोक सामाईक माळाच्या कडेला कुडाची, पेंढ्याची घरे उभारीतच राहिले. ती घरे एका माणसाच्या हयातीपुरतीच बांधलेली असत. म्हणून आज पाचशे वर्षांचे जे कॉटेज आपण कौतुकाने पाहतो, ते बहुधा सुखवस्तू शेतकऱ्याचे असते. मजुराचे केव्हाच मातीत गेले.

पिनरमधून गवती छपरे नाहीशी होण्यामागे मला तीन-चार कारणे दिसतात. पहिले आगीचे भय. लंडन शहरात १२१२ च्या मोठ्या आगीनंतरच गवती छपरांवर निर्बंध आले, आणि १६६६ च्या आगीनंतर तर त्यांचा विषयच संपला. थेम्सकाठी १९९७ मध्ये ग्लोब नाट्यगृह पुन्हा बांधले, तेव्हा १६६६ नंतर मध्य लंडनमधले ते पहिले गवती छप्पर ठरले. पिनरला हे नियम लागू नव्हते, पण ऐपतदार लोक राजधानीचे अनुकरण करीतच. दुसरे कारण पायाखालची माती. ह्या भागात चिकणमाती भरपूर, आणि शेजारच्या हॅरो वील्डमध्ये कौले व विटा भाजण्याचा धंदा शतकानुशतके चालला. कौल स्वस्त आणि जवळ मिळू लागल्यावर पेंढा कोण घालणार? तिसरे कारण लंडनचे घोडे! त्यांना चारा हवा, म्हणून एकोणिसाव्या शतकात मिडलसेक्सच्या शेतकऱ्यांनी गहू सोडून गवताची कुरणे केली. गहू गेला तसा छपराचा पेंढाही गेला. त्यातच १८०३ च्या कायद्याने हॅरो परिसरातील सामाईक माळ वाटून टाकण्याचे ठरले आणि १८१७ मध्ये वाटणी पुरी झाली. माळाच्या कडेला राहणाऱ्यांचा आधार सुटला. शेवटी १८८५ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे पिनरला पोहोचली आणि शेतांवर घरांच्या रांगा उठल्या.

ह्या रांगांतली गंमत पाहा. १९१५ मध्ये रेल्वेने ‘मेट्रो-लँड’ असा शब्द काढून लंडनकरांना खेड्याच्या हवेची भुरळ घातली. खरी कॉटेजे जात असताना नव्या विटांच्या घरांच्या कपाळावर काळ्या फळ्या ठोकून जुनेपणाचा देखावा केला गेला. त्या फळ्या काही पेलत नाहीत. आज हिंदुस्थानातून आलेली कितीतरी कुटुंबे हॅरो, वेम्बली, पिनर येथे अशाच घरांत राहतात. आपल्या दारावरच्या त्या फळ्यांचा पूर्वज कोण, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

पिनरच्या इतिहासात कॉटेजचा खरा विचार करणारा एक गृहस्थ होऊन गेला, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जॉन क्लॉडियस लाउडन हा स्कॉटलंडचा. तरुणपणी संधिवाताच्या तापाने आजारी पडला आणि हवापालटासाठी पिनरला आला. १८०७ मध्ये बापलेकांनी येथली वुड हॉल फार्म खंडाने घेतली व सुधारली. पुढे त्याचा उजवा हात कापावा लागला, तरी लिहिणे थांबले नाही. तो सांगे आणि त्याची पत्नी जेन, जी स्वतः लेखिका होती, ती लिहून घेई. १८३३ मध्ये त्याचा कॉटेज, शेतघर आणि बंगला ह्यांच्या वास्तुरचनेचा हजारांहून अधिक पानांचा कोश निघाला. त्यात मजुराच्या घराला कोरडी उंचावलेली जमीन, ऊन, वारा, पाणी आणि संडास हवा, असा आग्रह आहे. त्याने आपल्या आईवडिलांसाठी उभारलेले स्मारक पिनरच्या चर्चच्या आवारात आहे. उंच निमुळत्या दगडी बांधकामातून शवपेटीची दोन टोके अधांतरी बाहेर आलेली दिसतात. येणारेजाणारे ते पाहून थबकतात, पण ते कोणाचे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी आयुष्यभर परिचारिका होते, त्यामुळे गवती घराकडे मला नुसते चित्र म्हणून पाहता येत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात घराच्या आरोग्याच्या पाच गोष्टी सांगितल्या : शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. आम्हाला त्या पाठ कराव्या लागत. ह्या मोजपट्टीवर जुने कॉटेज टिकत नाही. ओलसर जमीन, लहान खिडक्या, छपरात उंदीर, एका खोलीत सात-आठ माणसे आणि त्यातच खोकणारा रोगी. १९३० च्या घरबांधणी कायद्यानंतर अधिकाऱ्यांनी अशी घरे राहण्यास अयोग्य ठरवून पाडली. मी त्यांना दोष देणार नाही. ज्याला त्या घरात बाळंतपण करावे लागले, क्षयाच्या रोग्याची शुश्रूषा करावी लागली, त्याने पाडण्याच्याच बाजूने मत दिले असते.

परंतु दुसरी बाजूही आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. १९२९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने वेस्ट विकम हे गावच विकत घेतले आणि १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले. घर पाडण्याऐवजी जमीन कोरडी करता येते, खिडकी वाढवता येते, नळ आणि मोरी आणता येते, हे ह्या लोकांनी करून दाखवले. १९४७ च्या नगररचना कायद्याने महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी सुरू झाली. १९७२ मध्ये पिनरमध्येही स्थानिक इतिहास मंडळ स्थापन झाले. ह्या प्रयत्नांमुळे शाकारणीचा धंदा जगला. यंत्राने गहू कापला की काडी मोडते, म्हणून छपरासाठी काही शेतकरी आजही ‘मॅरिस विजन’सारखा १९६४ सालचा उंच गहू मुद्दाम पेरतात आणि जुन्या पद्धतीने कापतात. गरिबीची खूण असलेले छप्पर आज श्रीमंतांना परवडते. त्याचा विमाही महाग असतो!

आता आपल्याकडे वळू. आपल्या समाजाची आडनावे पाहा : किहीमकर, नवगावकर, पेणकर, झिराडकर. कोकणातील शंभराहून अधिक गावे आपल्या नावांतून बोलतात. त्या गावांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. पण ती माणसे कसल्या घरात राहत होती? घाणा पडवीत होता की वेगळ्या खोपटात? बैल कोठे बांधीत? दाराच्या चौकटीवर मजुजा कोठे लावीत? नवगावची दफनभूमी आपण जाऊन पाहतो, अलिबागेचे, रेवदंड्याचे सिनेगॉग पाहतो. राहत्या घरांपैकी मात्र फारच थोडे उरले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती कौले किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे गेली. ज्याला साधले त्याने छप्पर उतरवून कौले चढवली. मग मुंबईची वाट धरली गेली, मग इस्राएलची, इंग्लंडची. मागे राहिलेल्या घरांचे वासे कोणी सरपणाला नेले, कोणी गोठ्याला लावले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अलिबागच्या बाजूची पत्रे-कौलेही उडाली, तेथे पडक्या घरांचा काय पाड!

ह्यात कोणावर रोष धरण्यासारखे काही नाही. कूड आणि पेंढा ह्यांचे घर दर वर्षी हात फिरला तरच उभे राहते. हात फिरवणारी माणसे निघून गेली, की दोन पावसाळ्यांत त्याची माती होते. पिनरच्या मजुरांचे तेच झाले. फरक एवढाच की पिनरमध्ये जे उरले ते कोणीतरी मोजले, त्याचा आराखडा काढला आणि छापून ठेवला. आपल्याकडे हयीम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला, पण तो छापून निघायला १९३७ साल उजाडले, तेही तेल अवीवला. घरांचा इतिहास तर अजून लिहिलाच जायचा आहे.

तेव्हा माझी वाचकांना, विशेषतः साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना, एक विनंती आहे. आपल्या आजोळचे किंवा वडिलांच्या गावचे घर ज्यांना आठवते, त्यांनी एका कागदावर त्याचा आराखडा काढावा. चित्रकला येण्याची गरज नाही. दार कोणत्या दिशेला, ओटी, माजघर, पडवी, चूल आणि विहीर कोठे, मेढी किती होत्या, भिंत कुडाची की मातीची, छपरावर पेंढा होता, झावळ्या होत्या की कौले, आणि कौले आली ती साधारण कोणत्या वर्षी, एवढे लिहावे. खाली गावाचे नाव आणि तालुका लिहावा. १९८१ पूर्वीच्या आठवणी असतील तर जिल्हा कुलाबा असेच लिहावे. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक घरी ठेवावी आणि एक आपल्या मंडळाकडे द्यावी. शाब्बाथच्या संध्याकाळी घरातली सारी मंडळी जमली म्हणजे हे काम तासाभरात होण्यासारखे आहे, आणि ते आताच होण्यासारखे आहे.